स्टोनफ्लायच्या ओळख-अहवालावरील आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आपण तपासणीसाठी पाठवलेल्या बारा पाणकिड्यांच्या अहवालाला दोन तारे देताना दोन आक्षेप नोंदवले आहेत: प्रजातीपर्यंतच्या ओळखीचे शुल्क भरूनही सात निम्फच्या (म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या, अजून प्रौढ न झालेल्या किड्यांच्या) पुढे केवळ ‘निओपर्ला, प्रजाती अनिश्चित’ एवढेच, म्हणजे स्टोनफ्लायच्या एका जीनसचे (प्रजातींच्या गटाचे) नाव, लिहून मिळाले, आणि सहावा नमुना मेफ्लायचा असताना आम्ही तो स्टोनफ्लाय, म्हणजे पाणकिड्यांच्या वेगळ्याच गटातला, ठरवला. पहिल्या बाबतीत चूक आमची आहे. दुसऱ्या बाबतीत आमचा निर्णय कायम आहे.

सहाव्या नमुन्याची एक शेपटी तुटली होती, म्हणून मुळात तीन, म्हणजे मेफ्लायला सहसा असतात तेवढ्या, असाव्यात, असे आपण म्हणता. शेपट्या वाहतुकीत सहज तुटतात, शिवाय काही मेफ्लाय निम्फना दोनच शेपट्या असतात, त्यामुळे शेपट्या मोजून आम्ही कधीच निर्णय देत नाही. आम्ही पाय पाहिला. मेफ्लायच्या निम्फला प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी असते, स्टोनफ्लायला दोन. आणि आपल्या नमुन्याच्या शाबूत राहिलेल्या पाचही पायांवर, सूक्ष्मदर्शकाखाली, चिमट्याच्या दोन टोकांसारख्या नख्या स्पष्ट दिसतात. कल्ल्यांचेही तसेच. अल्कोहोलमध्ये ते अंगाला चिकटून बसतात आणि नसल्यासारखे वाटतात, पण नमुना पाण्यात तरंगत ठेवताच पायांच्या मुळाशी, वक्षाच्या तिन्ही खंडांवर, कापसाच्या तंतूंसारखे झुपके उलगडले. मेफ्लायचे कल्ले उदराच्या बाजूंना असतात. (उदराच्या पहिल्या दोन-तीन खंडांवर कल्ले असलेले स्टोनफ्लायही आहेत, म्हणून कल्ल्यांची जागा नख्यांसोबतच वाचावी लागते.) वक्षावरचे झुपकेदार कल्ले आणि खालच्या ओठाच्या बाहेरच्या पाळ्यांपेक्षा बऱ्याच आखूड असलेल्या आतल्या पाळ्या, या दोन्हींवरून तो स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुलात जातो. ही छायाचित्रे अहवालात असायलाच हवी होती. ती आपल्याला स्वतंत्रपणे पाठवत आहे.

आता त्या सात निम्फविषयी. दोन मोठ्या डोळ्यांखेरीज बहुतेक स्टोनफ्लायना डोक्यावर तीन छोटे साधे डोळे असतात, निओपर्लाला दोन; हे आणि डोक्याची इतर लक्षणे जुळल्यामुळे जीनसपर्यंत पोहोचता आले. त्यापुढे निम्फ साथ देत नाही. रंग आणि डोक्यावरचे डाग वाढीच्या टप्प्यानुसार बदलतात, आणि या जीनसमध्ये प्रजाती मुख्यतः प्रौढ नराच्या जननांगावरून व अंड्याच्या कवचावरच्या नक्षीवरून वेगळ्या केल्या जातात. उत्तर अमेरिकेत ‘निओपर्ला क्लायमेनी’ हे एकच नाव दीर्घकाळ सर्रास वापरले जात होते. १९७८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बिल स्टार्क आणि रिचर्ड बॉमन यांनी याच लक्षणांच्या आधारे तिथल्या नव्या प्रजाती वेगळ्या दाखवल्या. ज्या निम्फच्या अंगावर ते लक्षण तयारच झालेले नाही, त्याला प्रजातीचे नाव देणे म्हणजे आपल्या नदीच्या नोंदीत खोटी ओळ घालणे, आणि पुढचा प्रत्येक अभ्यासक ती ओळ खरी मानून चालला असता.

मात्र हे सर्व आम्ही शुल्क घेण्याआधी सांगायला हवे होते. आमच्या अर्जावर ‘प्रजातीपर्यंत’ हा पर्याय निम्फसाठीही उघडा होता, आणि नमुने उघडताच ते सगळे निम्फ आहेत हे दिसूनही आमच्याकडून आपल्याला कळवले गेले नाही. सातही नमुन्यांच्या शुल्कातला फरक परत केला जाईल. अर्जावरचा तो पर्याय आता केवळ प्रौढ नमुन्यांपुरता ठेवला आहे.

प्रजातीच हवी असल्यास पंखांचे कोंब काळे पडलेले, म्हणजे कात टाकायला आलेले निम्फ थंड, हवा खेळत्या पाण्यात, वर चढायला दगड ठेवून वाढवावेत. बाहेर आलेल्या प्रौढाचे पंख आणि अंग पूर्ण कडक होऊ द्यावे, आणि त्याने टाकलेली कात त्याच बाटलीत ठेवावी. म्हणजे निम्फ आणि प्रौढ यांची जोडी पक्की राहते. अशी नराची एक जोडी आपण पाठवलीत, तर तिची तपासणी आम्ही विनाशुल्क करू.