शेततळ्यातलं शेवाळ विषारी? जरा थांबा

'शेततळ्यातलं हिरवं शेवाळ म्हणजे विष, त्यानेच मासे मरतात' असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात दोन वेगळ्या जिवांची गल्लत झाली आहे.

काठीने उचललं की केसांसारखं लोंबणारं, बुळबुळीत हिरवं शेवाळ बहुधा स्पायरोगायरा असतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या प्रत्येक पेशीत हरितलवकाची हिरवी फीत मळसूत्रासारखी वळलेली दिसते, फार देखणी! पेशीत केंद्रकही असतं. हे शेवाळ विषारी नाही.

विष तयार करतात ते काही नील-हरित जीव, उदाहरणार्थ मायक्रोसिस्टिस. ते खरं तर जिवाणू. त्यांना ना केंद्रक, ना हरितलवक. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर ते पाणी जनावरांना अजिबात पाजू नका. उकळूनही हे विष जात नाही.

मग मासे का मरतात? शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण श्वसन रात्रीही चालूच असतं. दाट वाढ झाली की पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो आणि मासे गुदमरतात. या वाढीमागे बहुतेकदा शेतातून वाहून आलेलं खत असतं. ते अडवायला हवं.