गीझरला घाम फुटतो तेव्हा

ठाण्यात जुलैमध्ये टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे गीझरखाली चार थेंब टपकले तर कोण विचारतो? पण बादलीत गरम पाणी तांबूस यायला लागलं आणि घरातल्या प्रत्येकाला एकाएकी डॉक्टरकी सुचली.

नवरा म्हणाला, टाकी आतून गंजली. सासूबाई म्हणाल्या, गच्चीवरच्या टाकीत कबूतर पडलं असणार. प्लंबरने तर बाथरूमच्या दारातूनच निकाल लावला. "ताई, टाकी गेली. नवीनच घ्या." आत पाऊल टाकायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

मग समोरचे काका आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, पण टेस्टर अजून खिशातच. आल्या आल्या त्यांनी गीझरची मेन लाइन बंद करायला लावली. ओल्या हाताने चालू गीझर चाचपणाऱ्यांचे पुष्कळ किस्से त्यांच्यापाशी आहेत आणि त्यातला एकही जेवताना ऐकण्यासारखा नाही.

"थेंब गरम आहे की गार?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी निदानं झाली होती, पण पेशंटला हात कुणीच लावला नव्हता.

थेंब गार निघाला. काकांनी गीझर, पाइप, जॉइंट सगळं खडखडीत पुसलं, दोन्ही पाइपांना टिश्यू पेपर गुंडाळला आणि नवऱ्याला फर्मावलं, "टाकीत पाणी तापलेलंच आहे, जा, रोजच्यासारखी आंघोळ करा." आमच्याकडची रोजची आंघोळ म्हणजे खिडकी बंद, एक्झॉस्ट फॅन बंद आणि बाहेर तिघं ताटकळलेले.

दार उघडलं तेव्हा गरम पाण्याच्या पाइपावरचा कागद जवळपास कोरडा होता. गार पाणी आत नेणाऱ्या पाइपावरचा मात्र वरपासून खालपर्यंत चिंब. "गळती असती तर एका जॉइंटपाशी भिजला असता," काका म्हणाले. "हा घाम आहे. कोंडलेली वाफ गार पाइपावर बसली की तिचं पाणी होतं." सासूबाईंनी लेकाकडे असं काही पाहिलं की त्याने मुकाट्याने खिडकी उघडली.

सेफ्टी व्हॉल्व्हमधूनही पाणी तापताना थोडं ठिबकायचं. त्याचा हिशोब काकांनी तोंडीच केला: पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर गेलं की साधारण पाव लिटरने फुगतं, ते जाणार कुठे? तापणं थांबल्यावरही धार चालू राहिली, तर मात्र व्हॉल्व्ह बघायचा.

राहिला गंज. काचेच्या एका ग्लासात गार नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात गीझरचं. गार पाणी नितळ होतं, म्हणजे बिल्डिंगचे पाइप सुटले आणि कबूतरही निर्दोष सुटलं. नवऱ्याची छाती फुगली. "बघा, टाकीच!"

"टाकीला भोक पडलं असतं तर खालच्या कव्हरच्या फटीतून तांबडं पाणी झिरपलं असतं. फट कोरडी आहे. आधी रॉड बघा."

मेकॅनिकने गीझर रिकामा करून खालचं झाकण उघडलं, तेव्हा टँकरच्या पाण्याचे पांढरे खवले पसाभर पडले आणि मागोमाग मॅग्नेशियमचा रॉड आला. रॉड कसला, खडीसाखर खाऊन संपल्यावर उरलेला दोरा! मध्ये बारीक तार, तिला चिकटलेले दोन-चार खडे. टाकीच्या लोखंडाऐवजी आपण झिजायचं, एवढंच याचं काम. तो संपला की पाणी लोखंडाकडे वळतं. गीझर घेताना दुकानदाराने आम्हाला रंग, स्टार आणि वॉरंटी सगळं समजावलं होतं; हा बिचारा दर वर्षी-दोन वर्षांनी तपासायचा असतो, हे सांगायला त्याला वेळ मिळाला नसावा.

नवा रॉड बसला, टाकी धुतली गेली, पाणी नितळ झालं. गार पाइपाला काळ्या फोमची नळी चढवली. प्लंबर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, मी म्हटलंच होतं ना, गंज आहे!"

आता तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी फ्रिजखाली पाणी साचतंय. काका निघालेत, आणि टिश्यूचा रोल आमच्याकडूनच घेऊन गेलेत.