किल्ला तलावाचं बिल्बाओ होईल म्हणे!

सध्या बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात सार असं: स्पेनमधल्या बिल्बाओचं नशीब एका म्युझियमने पालटलं, साबरमतीचा काठ झोपड्या हटवल्यावर चमकला. आपल्याकडे पाण्याकाठी काही घडतच नाही. तेव्हा किल्ला तलावावर कलादालन, संगीत कारंजं आणि फूड स्ट्रीट उभारा, संस्कृती आपोआप येईल.

आधी बिल्बाओ बघू. गुगेनहाइम म्युझियम उघडलं 1997 मध्ये. शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन मेलेली नेर्व्हियॉन नदी साफ करायचा आराखडा मात्र 1979चा. मोठं शुद्धीकरण केंद्र 1990 मध्ये सुरू झालं, मेट्रो 1995 मध्ये धावली, बंदर समुद्राच्या तोंडाकडे हलवून जुन्या गोद्यांची जागा मोकळी केली. या सांडपाण्याच्या कामावर म्युझियमच्या कित्येक पट पैसा गेला. म्युझियमने पर्यटक आणले हे खरंच, पण ते आलं नदी साफ करायचं काम सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. गटाराच्या पाइपाबरोबर सेल्फी कोण काढणार? म्हणून गोष्ट फक्त म्युझियमची सांगतात.

साबरमतीचं उदाहरण तर देणाऱ्यावरच उलटतं. अहमदाबादेत काठावरून दिसतं ते पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचं, वासणा बंधाऱ्याने अडवून धरलेलं. बंधाऱ्याच्या खाली जाऊन बघा, तिथे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहते. आणि ‘झोपड्या हटवल्या’ हे दोन शब्द म्हणजे दहा हजारांहून जास्त कुटुंबं. त्यातल्या अनेकांना घरं मिळाली ती कामापासून लांब, शहराच्या कडेला.

राहिलं ‘पाण्याकाठी काही घडतच नाही’. हे लिहिणारा माणूस अनंत चतुर्दशीला बेळगावात नसावा. झेंडा चौकात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने 1905 मध्ये सार्वजनिक गणपती बसला. तेव्हापासूनच्या या परंपरेचा शेवट होतो पाण्यावरच, कपिलेश्वर तलावावर. मिरवणूक रात्रभर चालते, दुसरा दिवस उजाडून ऊन तापलं तरी मंडळं रांगेतच असतात. ढोल-ताशावाल्यांचे हात सुजलेले, पोरांच्या केसांत गुलाल घट्ट बसलेला. क्रेनचा पट्टा मूर्तीखालून सरकवणारा माणूस एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ताण बघतो, हात वर करतो, तेव्हा कुठे ती उचलली जाते. मंडप घालणारे, मूर्तिकार, झांजपथकं, मराठी-कानडी दोन्ही गल्ल्यांतली पोरं, एवढी माणसं एका तळ्यासाठी वर्षभर राबतात. याला संस्कृती म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

तिथल्या अडचणी वेगळ्या आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विरघळत नाहीत, रंग पाण्यात उतरतो, तळाशी गाळ साचतो. शाडूत काम करणाऱ्या मूर्तिकाराला उन्हाळ्यापासून कोरडी, ऐसपैस जागा लागते आणि शहरात त्या जागेचं भाडं परवडत नाही. खर्च करायचाच तर इथे करता येतो. पण याचं ड्रोनमधून शूटिंग चांगलं येत नसणार.

फूड स्ट्रीटबद्दल एवढंच, की तळ्याकाठी भेळ, कणसं विकणारे गाडे आधीच असतात. नव्या स्टॉलची अनामत त्यांना झेपली नाही, तर खाणं तेच राहील, विकणारे बदलतील. आणि संगीत कारंज्यावर गाणं कुठल्या भाषेतलं वाजवायचं, यावरून आपल्या गावात दोन मोर्चे निघाल्याशिवाय राहणार नाहीत, हे काय मी सांगायला पाहिजे?

किल्ला तलावावर गाजावाजा करून काही उभारायचा प्रयोग याआधीही झालाय. 2018 मध्ये तिथे 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. लोक फोटो काढायला जातात, छान आहे. पण त्याने एका मूर्तिकाराला जागा मिळाली नाही की एका नाटकवाल्याला तालमीची खोली.

शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला मात्र अजून तसाच वाहतोय. पावसाळ्यात तो फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भाताची रोपं त्या पाण्याखाली जातात. मेसेजमध्ये या नाल्याचं नावसुद्धा नाही. बिल्बाओचंच अनुकरण करायचं म्हणता ना? मग पहिला हप्ता या नाल्यावर घाला, कलादालनाची निविदा नंतर काढू.