उंच पेटी नको, आधी भुसा तपासा

पाळलेला चिली रोझ टॅरांटुला (मोठा केसाळ कोळी) पेटीच्या काचेवर चढू लागला म्हणजे त्याला जागा अपुरी पडतेय, आणखी उंच पेटी घ्या, हा तुमच्या लेखातला सल्ला कृपया बदला. हा जमिनीवरचा कोळी आहे, चिलीतल्या कोरड्या झुडपी भागात बिळात राहणारा. चढता येतं त्याला, पण पोट जड आणि त्यावरची त्वचा पातळ. वीतभर उंचीवरून कडक भांड्यावर आपटला तरी पोट फाटू शकतं, आणि मग तो वाचणं कठीण.

चढण्याचं कारण बरेचदा खाली असतं. पेटीच्या तळाला अंथरलेला नारळाचा भुसा ओला राहिला की हा कोळी कोपऱ्यात काचेला चिकटून बसतो. नीट पाहा, जो पाय खाली टेकतो तो लगेच वर उचलला जातो. भुसा वाळू द्या, पाण्याची वाटी तेवढी भरलेली ठेवा. पेटी नवी असेल तर थोडे दिवस भटकंती चालायचीच. तेव्हा त्याला हात लावू नका. प्रौढ नराचं वेगळं, तो मादीच्या शोधात रात्रभर फिरतो.

भुशापासून झाकणापर्यंतचं अंतर पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून जास्त नको. आणि लेखाच्या फोटोतलं ते जाळीचं झाकण आजच काढा! पायाच्या टोकाची नखं तारेत अडकतात, कोळी लोंबकळत राहतो, कधी पाय गमावतो. त्याऐवजी भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिक लावा. उंच पेटी अ‍ॅव्हिक्युलेरियासारख्या झाडावरच्या कोळ्यांसाठी, त्यांना ती खरंच लागते.