‘तलवार’वरचं बंड फक्त डाळीसाठी नव्हतं

फेब्रुवारी आला की तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. 1946 सालचं, ब्रिटिशांच्या हिंदी नौदलातल्या नाविकांचं मुंबईतलं बंड म्हणजे मेसमधल्या वाईट जेवणावरून झालेला संप, बेशिस्त पोरं दोन दिवसांत शरण गेली, मुंबईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असा त्याचा सूर. यंदा आमच्या नात्यातल्या चांगल्या वाचणाऱ्या माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी जेवणाचं. 18 फेब्रुवारीच्या सकाळी नाविकांनी नाश्ता नाकारला हे खरं. अन्न वाईट होतं हेही खरं. पण हे घडलं कुठे? ‘तलवार’ हे जहाज नव्हे. ती कुलाब्यातली, किनाऱ्यावरची शाळा होती, सिग्नल आणि बिनतारी संदेश शिकवणारी. दुसऱ्या महायुद्धात हे चिमुकलं नौदल फुगून तीस हजारांच्या घरात गेलं आणि शिकलेली मुलं मोठ्या संख्येने भरती झाली. वाट्याला आला गोऱ्या नाविकापेक्षा कमी पगार आणि उठता-बसता शिव्या. तिथला मुख्याधिकारी कमांडर किंग याने 8 फेब्रुवारीला नाविकांना ‘कुलींची पोरं, जंगल्यांची पोरं’ म्हणत आईवरूनही शिवी दिली. चौदा जणांनी रीतसर लेखी तक्रार केली. नियम पाळून, वरिष्ठांमार्फत. किंगला हलवलं गेलं, पण संप झाल्यानंतर.

ज्याला रोज माणूस म्हणून नाकारलं जातं, त्याच्या ताटातली डाळ हाही त्या अपमानाचाच भाग असतो. डाळ आणि शिवी वेगळी करता येत नाही. मागण्यांची यादी पाहा: किंगवर कारवाई, चांगलं अन्न, ब्रिटिश नाविकांइतका पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची आणि इतर राजकीय कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणं. निव्वळ भुकेपोटी कोणी इंडोनेशियाचं नाव घेत नाही.

आणि हे एका सकाळचं नव्हतं. 1 डिसेंबर 1945 ला, नौदल दिनाच्या दिवशी, ‘तलवार’च्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या सापडल्या होत्या. 2 फेब्रुवारीला सरसेनापतींच्या भेटीच्या वेळी पुन्हा तेच झालं आणि तिथलेच एक नाविक बी. सी. दत्त पकडले गेले. त्याहीआधी, ऐन युद्धात, 1942 ते 1945 दरम्यान या नौदलात नऊ लहान बंडं झाली होती. त्यातलं पहिलं मार्च 1942 मध्ये, मुंबईतल्याच यांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात. मला या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. चार वर्षं इशारे मिळत होते. पुढे बंडाच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या फजल अली आयोगालाही मान्य करावं लागलं की मुळाशी साचलेला असंतोष होता आणि राजकारणाने त्यात भर घातली.

‘बेशिस्त’ हा शब्द तर अजिबात टिकत नाही. ‘तलवार’वरच्या मुलांनी आपल्याच यंत्रांवरून जहाजांना निरोप पाठवले, संपाची समिती निवडली, एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष झाले. जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही झेंडे चढले. बंड दोन दिवसांत संपलं नाही. 21 तारखेला नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्री यांनी रेडिओवरून, नौदल गमवावं लागलं तरी चालेल, असा इशारा दिला, आणि शरणागती आली ती 23 तारखेला.

आता मुंबईचं. गेटवेवर माणसं खाण्याची पाकिटं घेऊन जहाजांवरच्या पोरांसाठी उभी होती. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव रस्त्यावर आलं, लष्कराने गोळीबार केला. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरातल्या मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. मुंबई गप्प होती असं लिहिणाऱ्याने परळ-लालबागमधल्या कुठल्याही जुन्या घरात जाऊन विचारावं.

पाठ फिरवली ती काँग्रेस आणि लीगच्या मोठ्या नेत्यांनी. त्यांनी शस्त्रं खाली ठेवा म्हणून सांगितलं. हा भाग कटू आहे आणि तो लपवू नये. तसंच, या बंडामुळे कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटनने पाठवलेलं मंत्र्यांचं शिष्टमंडळ, आलं, हा उलट टोकाचा दावाही चुकीचा आहे. मिशनची घोषणा 19 फेब्रुवारीला झाली, पण निर्णय त्याआधीचा होता.

कुणावरही सूड उगवला जाणार नाही, असं आश्वासन मिळाल्यावर समितीने शरणागती पत्करली, आणि तीसुद्धा ‘हिंदुस्थानपुढे, ब्रिटनपुढे नव्हे’ असं म्हणत. त्यानंतर 476 नाविक काढून टाकले गेले. पुढच्या वर्षी दोन देश झाले, दोन नौदलं झाली. दोन्हींपैकी एकानेही त्यांना परत घेतलं नाही.