४०० व्होल्ट, दोन पेन्सिल सेल आणि तुमचा मल्टिमीटर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा झोंबली. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुम्ही आधी सर्किट जोडलंत, हातात मीटर घेतलात आणि मग लिहायला बसलात. त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गायगर ट्यूब, म्हणजे किरणोत्साराचा कण आला की टिक वाजवणाऱ्या यंत्रातली गॅसने भरलेली नळी. तिच्यावरच्या माझ्या लेखावर यांचे तीन आक्षेप आहेत. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राला ४०० व्होल्ट लागतात, हे त्यांना पटत नाही. माझ्या सर्किटात एसबीएम-२० या गायगर ट्यूबच्या ॲनोडवर (नळीतल्या धन टोकावर) मल्टिमीटर टेकवला तर २६२ व्होल्टच दिसले आणि टिकटिकही थांबली, म्हणजे सर्किट चुकलंय. आणि ‘व्होल्टेज वाढवलं की ट्यूब जास्त संवेदनशील होते’ हे माझं वाक्य साफ चूक आहे.

तिसरा आक्षेप मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं होतं, आता काढून टाकलंय. गायगर ट्यूबच्या आलेखात एक पठार असतं. सुरुवातीचा उंबरठा ओलांडला की पुढचे शंभरेक व्होल्ट मोजणी जवळपास सारखीच राहते. एसबीएम-२० साठी हा पट्टा ३५० ते ४७५ व्होल्टचा, म्हणून मधले ४०० घ्यायचे. पठाराच्या पलीकडे गेलात तर संवेदनशीलता वाढत नाही, ट्यूब आपोआप पेटत राहते आणि लवकर खराब होते. प्रपोर्शनल काउंटर या तिच्या भावंडाची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक कणामुळे उठणाऱ्या विद्युत स्पंदाची उंचीच मोजायची असते आणि व्होल्टेज एक टक्का हललं तरी ती कित्येक टक्क्यांनी हलते, त्यामुळे त्याचा वीजपुरवठा फार स्थिर लागतो. गायगर ट्यूब त्या मानाने भलतीच सोशिक आहे.

दुसऱ्या आक्षेपात मात्र चूक सर्किटाची नाही, मीटर जिथे टेकवलात त्या जागेची आहे. ॲनोडच्या अलीकडे ५.१ मेगओहमचा रेझिस्टर आहे. तुमच्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध, बहुतेक मीटरांचा असतो तसा, १० मेगओहम धरू. मीटर ॲनोडला लागला की हे दोन्ही एका ओळीत येतात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. मीटरच्या वाट्याला ४०० गुणिले १० भागिले १५.१, म्हणजे २६५ व्होल्ट. तुम्हाला २६२ दिसले! म्हणजे मागे साधारण ३९६ व्होल्ट आहेत आणि सर्किट ठणठणीत आहे. टिकटिक का थांबली तेही यातच आलं. एवढ्या कमी व्होल्टेजवर ती ट्यूब जागीच होत नाही.

याच हिशेबात पहिल्या आक्षेपाचं उत्तरही आहे. मीटर लावल्यावर सुमारे २६ मायक्रोॲम्पिअर करंट वाहतो. ट्यूबला किती लागतो? एका टिकटिकीला साधारण एक नॅनोकूलंब विद्युतभार खर्च होतो असं धरा. आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारात ही ट्यूब मिनिटाला वीसेक वेळा वाजते. म्हणजे सरासरी करंट एका नॅनोॲम्पिअरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. तुमचा मीटर ट्यूबच्या सत्तर-ऐंशी हजार पट खातोय. व्होल्ट ४०० असले तरी ट्यूबला लागणारी शक्ती एका मायक्रोवॉटहूनही कमी, ती पेन्सिल सेलला सहज परवडते. कॉइलमधला करंट झटकन तोडायचा, उसळलेलं व्होल्टेज डायोडमधून कपॅसिटरमध्ये साठवायचं, बस. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट होतं तेव्हा हजारो व्होल्ट असतात, पण त्यावर कोणी दिवा लावत नाही.

मग एवढे व्होल्ट हवेतच कशाला? खरं तर गॅसला व्होल्टशी देणंघेणं नाही, त्याला हवं असतं विद्युतक्षेत्र. १९०८ मध्ये रदरफर्ड आणि गायगर यांनी अल्फा कण एकेक करून मोजले तेव्हाही त्यांनी नळीच्या मधोमध बारीक तार ताणली होती. समजा तारेची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर, नळीची १ सेंटिमीटर आणि मध्ये ५०० व्होल्ट. नळीच्या भिंतीपाशी क्षेत्र सेंटिमीटरला ९४ व्होल्ट, तर तारेच्या पृष्ठभागावर जवळपास १९,०००. एवढंच अंतर ठेवून दोन सपाट पत्रे समोरासमोर ठेवले असते तर सगळीकडे ५०० च मिळाले असते. गॅसमध्ये कुठेही सुटलेला इलेक्ट्रॉन तारेकडे सरकत जातो आणि शेवटच्या मिलिमीटरच्या काही भागात त्याला असा वेग मिळतो की तो पुढच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो. मग दोघे मिळून आणखी दोन उडवतात, आणि लोट सुरू होतो. गायगर ट्यूबमध्ये हा लोट साऱ्या तारेभर पसरतो आणि एका इलेक्ट्रॉनचे अब्जावधी होतात.

आयन चेंबर या किरणोत्सार मोजायच्या दुसऱ्या यंत्रात असा लोट होऊच द्यायचा नसतो. अमेरिशियम-२४१ चा ५.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा कण हवेत थांबेपर्यंत १.६ लाख आयनजोड्या (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला आयन) बनवतो. त्या पुन्हा एकमेकींना चिकटायच्या आत गोळा होतील इतकंच व्होल्टेज पुरतं. त्याचा त्रास वेगळाच: सिग्नल पिकोॲम्पिअरमध्ये, त्यामुळे इन्सुलेटरवर बोटाचा ठसा उमटला तरी गळती सिग्नलला गिळून टाकते. मूळ लेखात मी या दोन यंत्रांची सरमिसळ केली होती. तुम्ही ती पकडली नाहीत, पण तीही दुरुस्त केली आहे.

आता पुन्हा मोजायचं असेल तर १०० मेगओहमचे दहा रेझिस्टर एका ओळीत जोडा, एक गिगओहम होईल. त्यातून मल्टिमीटर लावा, ॲनोडला नाही, पुरवठ्याच्या कपॅसिटरला. मीटरवर ४ व्होल्टच्या किंचित खाली आकडा दिसला पाहिजे, त्याला १०१ ने गुणा. एकच मोठा रेझिस्टर वापरू नका, साध्या रेझिस्टरला ४०० व्होल्ट झेपतीलच असं नाही. आणि सेल काढल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो, हे मला बोटाला चटका बसल्यावर कळलं. हात लावायच्या आधी तो रेझिस्टरमधून रिकामा करा. आकडा काय येतो ते इथेच कळवा.