धूर थांबला की शेगडी आत घ्यायची? थांबा जरा

थंडी पडली की हा मेसेज फॅमिली ग्रुपवर येऊन धडकतोच. सार असं : "कार्बन मोनॉक्साइडचा बाऊ करू नका. निखारे लाल होऊन धूर थांबला की शेगडी खुशाल आत घ्या. हा वायू जड, तो जमिनीलगत बसतो. पलंगावर झोपा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. धोका असेल तर वास येईलच. तरी शंका वाटली तर ऑक्सिमीटर लावा; ९५ च्या वर आकडा असेल तर निवांत राहा."

पाठवणाऱ्याला काळजी असते, हे मान्य. पण या सल्ल्यांवर विसंबून झोपणं जिवावर बेतू शकतं.

आधी निखारे, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच. धूर थांबला म्हणजे कोळसा पूर्ण जळतोय असं नव्हे. थराच्या तळाशी हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लालबुंद निखाऱ्यांमधून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनून बाहेर पडतो. निखाऱ्यांवर अधूनमधून लवलवणारी निळसर ज्योत पाहिली आहे ना? तिथे हाच वायू जळत असतो. राख साचून ती ज्योत विझली की तो न जळताच खोलीत पसरतो. म्हणजे शेगडी शांत दिसते तेव्हाच ती जास्त लबाड असते.

"जड वायू" ही बहुधा कार्बन डायऑक्साइडशी झालेली गल्लत. त्याचा रेणुभार ४४. कार्बन मोनॉक्साइडचा २८ आणि हवेचा सरासरी २९. त्यामुळे हा वायू खाली बसत नाही, हवेत सगळीकडे मिसळतो. पलंगावर झोपा नाहीतर जमिनीवर, फरक शून्य.

बादलीचं तर काय सांगावं! भोवती निव्वळ हाच वायू असला, तरी लिटरभर पाण्यात तो जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळेल. खोलीतल्या हवेतून विरघळणार तो नगण्य.

वासाचा मुद्दा फसवा आहे. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. बंद बाथरूममधला गॅस गीझर हवेअभावी अर्धवट जळू लागला, तरी नाकाला पत्ता लागेलच असं नाही. गॅसगळतीचा अलार्मसुद्धा इथे कामाचा नाही. तो वेगळा वायू हुडकतो.

आता ऑक्सिमीटर. घरोघरी असल्यामुळे यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. बोटाला लावायचं साधं यंत्र तांबड्या आणि इन्फ्रारेड प्रकाशावर चालतं आणि त्याला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच दिसतं. माणूस गुदमरतोय आणि पडद्यावर ९८, असं होऊ शकतं. खरं प्रमाण रक्ताच्या को-ऑक्सिमेट्री तपासणीत कळतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर "घरात शेगडी होती", "गीझर चालू होता" हे आपणहून सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

मग ओळखायचं कसं? घरातल्या दोघातिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळ, गरगर सुरू झाली, अंगात ताप नाही आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. गीझर की शेगडी याचा शोध घेत आत रेंगाळू नका. मदत बाहेरून बोलवा.

शेगडी आणि जनरेटर घराबाहेरच, तेही दारा-खिडक्यांपासून लांब. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. 'टेस्ट'चं बटण दाबल्यावर तो वाजला म्हणून खूश होऊ नका. त्यातून बहुतेक वेळा भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं. आतला सेन्सर मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षांत संपतो. बदलायची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.